चारच्या अगदी जवळ

(मधली खोली. हिरव्या लोखंडी कपाटाचं दार हाच फळा. चिमी खडू घेऊन उभी, मावशी पलंगावर मांडी घालून, आई दाराजवळच्या खुर्चीत.)

मावशी : बाई, मी पाणी प्यायला जाऊ?

चिमी : मावशी, आत्ताच तर बसलीस.

मावशी : वर्गातली पोरं असंच करतात. तूच म्हणालीस ना, वर्गासारखी वाग म्हणून?

आई : उद्या कुणी असं विचारलं तर 'बसा' एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. चर्चा करत बसायचं नाही. आणि अक्षर ठळक काढ. मागच्या बाकापर्यंत दिसलं पाहिजे.

चिमी : आई, हे कपाट आहे.

आई : उद्या फळा असेल. हात तोच असणार.

मावशी : ताई, तू रिटायर झालीस ना गं?

आई : शाळेतून झाले.

मावशी : तेच म्हणते. तुझी जागा रिकामी झाली म्हणूनच ही उद्या तिथे डेमो तास द्यायला चाललीय. तिला घेऊ दे की तास. तास सुरूही झाला नाही, तोवर दोनदा टोकलंस.

आई : ही जागा हिला मिळाली पाहिजे, बेबी. दोन शाळांनी परत पाठवलंय. आता तिसऱ्यांदा नको.

चिमी : मी सुरू करू?

मावशी : कर बाई, कर. वर्ग शांत आहे.

चिमी : तर मुलांनो, हे बघा. वर वर्गमुळात एक्स अधिक पाच, आणि वर्गमुळाच्या बाहेर वजा तीन. खाली एक्स वजा चार. एक्स चारकडे चाललाय. मग हे सगळं कुठे चाललंय? हेच आपल्याला काढायचंय, याचं लिमिट. आधी काय करून बघायचं?

मावशी : मला विचारतेस?

चिमी : हो. चार टाकून बघ.

मावशी : चार आणि पाच नऊ. नऊचं वर्गमूळ तीन. तिनातून तीन गेले, शून्य. खाली चारातून चार गेले, शून्य. झालं की. शून्य.

चिमी : वर शून्य आणि खालीही शून्य.

मावशी : मग एक. कुठल्याही आकड्याला त्याच आकड्यानं भागलं की एक येतो.

चिमी : आत्ता शून्य म्हणालीस.

मावशी : दोन्ही बरोबर वाटतंय गं. आता कुठलं धरायचं?

चिमी : हाच तर घोळ आहे. दोन्ही धरता येत नाहीत, म्हणून एकही धरायचं नाही. शून्यावर शून्य आलं म्हणजे उत्तर नाही असं नाही. आपण प्रश्न नको त्या जागी उभं राहून विचारला, एवढाच त्याचा अर्थ.

आई : वाक्य छान आहे, पण वेळ खातंय. थेट परिमेयीकरणावर ये.

मावशी : अरे देवा. हे काय आता?

चिमी : नाव मोठं आहे, काम छोटं आहे. वर वर्गमूळ वजा तीन आहे ना? त्याची अनुबद्ध जोडी घ्यायची. म्हणजे पदं तीच, फक्त मधलं चिन्ह उलट. वर्गमूळ अधिक तीन. त्यानं वर गुणायचं.

मावशी : आणि खाली?

चिमी : खालीही.

मावशी : तेवढं मला कळतं. माझ्या पार्लरमध्ये एका बाजूचे केस कापले की दुसऱ्या बाजूचे तेवढेच कापावे लागतात. नाहीतर गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही परत.

चिमी : हे उद्या वापरू का मी?

आई : नको. पुढे.

चिमी : वर काय होतं बघा. वर्गमुळाचा वर्ग म्हणजे एक्स अधिक पाच. त्यातून तिनाचा वर्ग, नऊ, वजा. राहिलं एक्स वजा चार. वर्गमूळ गेलं. खाली एक्स वजा चार होतंच, त्याच्या शेजारी कंसात वर्गमूळ अधिक तीन. आता खाली…

आई : उघडू नकोस. खालचा कंस उघडायचा नाही.

चिमी : मी उघडत नव्हते आई.

आई : हात गेला होता तुझा.

मावशी : उघडला तर काय होतं?

आई : उघडायचा नाही म्हणजे नाही. दरवर्षी निम्मा वर्ग तिथेच बुडतो.

चिमी : वर एक्स वजा चार, खाली एक्स वजा चार. हे कापले. उरलं काय? वर एक, खाली वर्गमूळ अधिक तीन. आता यात चार टाका. तीन अधिक तीन, सहा. उत्तर, एक छेद सहा.

आई : उत्तराखाली दोन रेघा मार.

मावशी : थांब गं चिमे. यात काहीतरी लबाडी आहे.

आई : कसली लबाडी?

मावशी : तू आत्ता काय कापलंस? एक्स वजा चार. एक्स चार असला तर ते शून्यच झालं ना? शून्यानं भागायचं नाही, एवढं तर मलाही शिकवलं होतं. कान धरून शिकवलं होतं.

चिमी : बरोबर. पण एक्स चार नाहीच आहे. तो चारकडे चाललाय. चारच्या थोडा अलीकडे असेल, थोडा पलीकडे असेल, पण चारवर नाही. म्हणून एक्स वजा चार अगदी लहान असेल, शून्य नसेल. मग कापायला हरकत नाही.

मावशी : बरं, मानलं. एक्स चार नाही.

चिमी : नाही.

मावशी : नक्की नाही ना?

चिमी : नक्की.

मावशी : मग पुढच्याच ओळीत चार कसा टाकलास?

आई : बेबी.

मावशी : मी सहज विचारलं गं. चिमे? ताई, हिच्या तोंडाकडे बघ जरा.

आई : काही होत नाही. 'हे तुम्ही वरच्या वर्गात शिकाल' असं म्हणायचं आणि पुढचं उदाहरण घ्यायचं.

चिमी : तेच म्हणाले होते मी.

आई : कुठे?

चिमी : मागच्या शाळेत. डेमोला.

आई : तिथे तर त्यांचं आधीच कुणीतरी ठरलेलं होतं. तूच सांगितलंस.

चिमी : तुला तसं सांगितलं. खरं असं झालं, की खिडकीजवळच्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला. 'बाई, मघाशी तर चार नाही म्हणालात.' मग तुझं वाक्य आलं तोंडात. ती मुलगी खाली बसली आणि तिनं पुस्तक मिटून टाकलं. पुढचा सगळा तास ती बाहेर बघत होती.

मावशी : अरेरे.

चिमी : मागे बसलेले लोक काय लिहीत होते मला माहीत नाही. मला त्या मुलीचंच वाईट वाटलं. तिचा प्रश्न खरा होता गं.

आई : हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कुणी…

चिमी : कुणी विचारला नाही?

आई : विचारला असेल.

मावशी : जाऊ दे. झालं ते झालं. उद्याचं बघा.

आई : उद्याचंच बघतेय मी. म्हणून तर मागे येऊन बसणार आहे. हेडसरांनी स्वतः फोन केला, बाई, तुम्हीही या म्हणाले. कुठे अडलीस तर माझ्याकडे बघ. मी नुसती मान हलवेन, कुणाला कळणारही नाही.

चिमी : तू येऊ नकोस.

आई : काय?

चिमी : उद्या तू येऊ नकोस, आई.

मावशी : आता गं बाई.

आई : मी एक शब्द बोलणार नाही म्हटलं ना.

चिमी : वर्गात तू माझ्याशी कधी बोललीस? तोच तर त्रास आहे. तू मागे बसलीस की मी पुन्हा तुझ्या वर्गातली होते.

मावशी : पण वर्गात तर तू पहिली यायचीस. पेढ्याऐवजी ताई तुला… काय गं द्यायचीस तू?

आई : पुढच्या वर्षाचं पुस्तक.

चिमी : पहिली यायचे, पेपरात. फळ्यापाशी कधी आले, ते विचार तिला. घरी आई आणि शाळेत बाई. मी रोज हात वर करायचे मावशी. रोज. हिनं मला एकदासुद्धा उठवलं नाही. माझ्या शेजारच्या ढब्बीला पाढे येत नव्हते, तिला बोलावलं फळ्यावर. मला खडू म्हणून कधी दिला नाही.

आई : लोकांनी काय म्हटलं असतं? बाईंची मुलगी, घरी उत्तरं पाठ करून येते आणि वर्गात मिरवते. तुझ्या पहिल्या नंबराला काही किंमत राहिली असती का?

चिमी : मला माहितेय ते.

आई : मग?

चिमी : माहीत असलं तरी हात दुखायचाच ना.

आई : तुझा हात वर दिसला की मी फळ्याकडे वळायचे. मुद्दाम वळायचे. तुझं उत्तर बरोबर असणार हे मला ठाऊक असायचं. मग कशाला विचारायचं?

चिमी : मला नव्हतं ठाऊक.

मावशी : ताई, पाणी पी जरा.

आई : नको मला पाणी.

चिमी : मी भांडत नाहीये, आई. खरंच नाही. कागदावर मला काही अडत नाही, पण चारचौघांत उभं राहून बरोबर यायची मला सवय नाही. चुकायची तर त्याहून नाही. कुणी मधेच काही विचारलं की मी आधी तुझं तोंड शोधते. त्या शाळेत तू नव्हतीस, तरी मी शेवटच्या बाकाकडे बघितलं.

आई : येत नाही मी. झालं?

मावशी : असं तोडून काय बोलतेस?

आई : तोडून नाही. येत नाही म्हटलं.

मावशी : तुम्ही दोघी मायलेकी आपापसात काय ते बघा. माझा प्रश्न मात्र तसाच लोंबकळतोय. मी आता इथून हलणार नाही. चार कसा टाकला?

आई : सोड ना तो प्रश्न, बेबी.

मावशी : का सोडू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला गणितात काहीतरी विचारावंसं वाटलं. आणि मी वर्ग आहे. वर्गाला सोड म्हणतात होय?

चिमी : मावशी, मोबाईल काढ. कॅल्क्युलेटर.

मावशी : हं. हा काढला.

चिमी : चारच्या थोडं पुढे जाऊ. एक्स चार पूर्णांक एक. अधिक पाच, नऊ पूर्णांक एक. त्याचं वर्गमूळ घे, त्यातून तीन वजा कर, आणि खालच्या शून्य पूर्णांक एकनं भाग.

मावशी : सावकाश. माझी नखं मोठी आहेत, दोन दोन बटणं दाबली जातात. हां. शून्य पूर्णांक एक सहा सहा दोन आणि पुढे शेपूट.

चिमी : आता चारच्या अलीकडे. तीन पूर्णांक नऊ.

मावशी : शून्य पूर्णांक एक सहा सात एक.

चिमी : आता बरोबर चार.

मावशी : एरर म्हणतोय. मेला रुसला.

चिमी : रुसू दे. आता हे पहिलं सोड. कापून जे उरलं ते घे. वर एक, खाली वर्गमूळ अधिक तीन. त्यात चार पूर्णांक एक टाक.

मावशी : एक सहा सहा दोन. अगं, तेच आलं.

चिमी : तीन पूर्णांक नऊ.

मावशी : एक सहा सात एक. हेही तेच. हे कसं काय? दिसायला तर दोघं वेगळे आहेत.

चिमी : दिसायला वेगळे. पण चार सोडून कुठलाही आकडा टाक, दोघं एकच उत्तर देतात. कापताना आपण तेवढंच केलं. आता दुसऱ्यात बरोबर चार टाक.

मावशी : एक सहा सहा सहा सहा. हा रुसत नाही.

चिमी : नाही रुसत. म्हणजे… थांब हं. मला नीट सांगू दे. मी पहिल्यात चार टाकलाच नाही, मावशी. पहिल्याला चारपाशी काही विचारून उपयोग नाही, तो तिथे गप्प आहे. मला फक्त एवढं कळायला हवंय, की तो चालला कुठे होता. आणि हा दुसरा त्याच्याबरोबर सगळा रस्ता चालत आलाय, चारच्या अलीकडून आणि पलीकडूनही, अगदी खांद्याला खांदा लावून. दुसऱ्याला चारपाशी काही अडचण नाही. मधेच कुठे उडी मारत नाही, जिथे निघालाय तिथेच पोचतो. म्हणून मी दुसऱ्याला विचारलं, तू कुठे पोचलास? तो म्हणाला, एक छेद सहा. मग पहिलाही तिकडेच निघालेला असणार.

मावशी : म्हणजे तुझे काका फोन उचलत नाहीत, तेव्हा मी त्यांच्यासोबत बाहेर पडलेल्या मित्राला फोन लावते. तसं?

चिमी : अगदी तसं.

मावशी : आणि मित्र खोटं बोलला तर? ते बोलतात. अनुभव आहे मला.

चिमी : म्हणून आधी मित्र पारखून घ्यायचा. हा का खोटं बोलणार नाही सांगू? त्याच्या खाली वर्गमूळ अधिक तीन आहे. वर्गमूळ उणं कधी येत नाही, म्हणजे खाली तिनापेक्षा कमी काही येतच नाही. शून्य व्हायचा प्रश्नच नाही. आणि वर्गमूळही हळूहळू बदलतं, झटका देत नाही.

मावशी : कळलं. अगं, मला खरंच कळलं. आता कापलेलंही पटलं आणि टाकलेलंही पटलं. चिमे, हे तू मागच्या शाळेत का नाही सांगितलंस?

चिमी : आत्ता सुचलं. म्हणजे माहीत होतं गं, पण असं शब्दात कधी मांडलं नव्हतं. मला कुणी मांडायलाच लावलं नव्हतं.

मावशी : ताई, तू ऐकतेस ना?

आई : ऐकतेय.

मावशी : मग बोल काहीतरी. बरं होतं की वाईट?

आई : उत्तराखाली दोन रेघा राहिल्यात अजून.

चिमी : मारते.

आई : चिमी.

चिमी : हं.

आई : मी हेडसरांना आजच कळवते. आत येत नाही म्हणून. फाटकापर्यंत येईन तुझ्याबरोबर, तेवढं चालेल ना?

चिमी : चालेल.

आई : फाटकाबाहेर तो दगडी कट्टा आहे, तिथे बसेन. तास संपला की बाहेर ये. चांगला झाला की वाईट, ते लगेच सांगायला नको. आपण चालायला लागू, मग सांग.

मावशी : आणि मी?

आई : तू पार्लर उघड.

मावशी : वा. म्हणजे शिकवणी माझ्यावर आणि मिरवणूक तुमची. चिमे, पुसू नकोस ते. फोटो काढते मी, तुझ्या काकांना दाखवायचाय.

चिमी : काढ. मग पुसते. ही लोखंडावरची खडूची भुकटी नंतर कपड्यांना लागते.

आई : बाई.

मावशी : ताई, काय करतेस तू?

चिमी : काय झालं?

मावशी : तिनं हात वर केलाय बघ.

चिमी : दिसतोय मला. किती वेळ झाला करून?

आई : तुझ्या मावशीनं कॅल्क्युलेटर काढला तेव्हाच केला होता. मधे खाली घेतला, खांदा भरून आला म्हणून. आत्ता पुन्हा केला.

चिमी : मग बोलायचं ना.

आई : वर्गात उठवल्याशिवाय बोलायचं नाही.

मावशी : ताई, थट्टा करतेस का तिची?

आई : थट्टा नाही. मला खरंच विचारायचंय.

चिमी : बोला. उभ्या राहून बोला.

आई : बाई, खालचा कंस उघडला तर काय होतं?

मावशी : घ्या. मघाशी मी हेच विचारलं तर माझ्यावर खेकसलीस.

आई : तेव्हा मी बाई होते. उघडायचा नाही, एवढंच सांगत आले आजवर. उघडल्यावर काय होतं ते कुणाला करून बघू दिलं नाही. तास पुरायचा नाही, पोर्शन राहायचा. स्वतःही कधी शेवटपर्यंत करून बघितलं नाही. उद्या तुला कुणी विचारलं तर?

चिमी : मलाही नक्की माहीत नाही. मला वाटतं, उघडलं की चार पदांच्या गर्दीत तो एक्स वजा चार हरवतो, मग कापायला सापडत नाही. चार टाकला की पुन्हा शून्यावर शून्य. पण करून बघायला हवं.

आई : चुकलं तर?

चिमी : चुकलं तर पुसू. कपाट कुठे पळून जातंय?

मावशी : फोटो काढून झालाय. पुसा खुशाल.

आई : मग सांग, मी बघते इथून. चष्मा आहे डोळ्यांवर.

चिमी : इथून नाही. फळ्यापाशी या. हा घ्या खडू.